'20 नॅनोग्रॅम प्रति मिली' या वाक्यात काय लिहिलेलं नसतं

या ब्लॉगवर मी एरवी एखाद्या पेपरबद्दल लिहिते. आज एका वाक्याबद्दल लिहिणार आहे. सेल कल्चरच्या बहुतेक पेपरांच्या मेथड्स विभागात ते तुम्हाला सापडेल, आणि उद्या पीएचडीला लागलात की तुम्ही स्वतःही ते लिहाल: 'पेशींना 20 नॅनोग्रॅम प्रति मिली रिकॉम्बिनंट ह्यूमन एफजीएफ-2 देण्यात आलं.' पुढे कंपनीचं नाव, फार तर कॅटलॉग नंबर, आणि पूर्णविराम.

वाक्य दिसायला अगदी निर्दोष आहे. आकडा आहे, एकक आहे, पदार्थाचं नाव आहे. परीक्षक यावर सहसा प्रश्न विचारत नाहीत. माझी तक्रार अशी की हे वाक्य प्रयोगाचं वर्णन करतच नाही, ते व्हायलवरच्या लेबलचं वर्णन करतं. लेबलवर लिहिलेलं आणि पेशींना प्रत्यक्षात मिळालेलं, यांत किती अंतर पडू शकतं हे समजायला मला पीएचडीचे तीन महिने मोजावे लागले. ती गोष्ट पुढे येईल. आधी विषय नीट समजून घेऊ.

थोडी ओळख

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना 'वाढ', 'विभाजित हो', 'आहेस तशीच राहा' किंवा 'आता बदल' असा निरोप देणारी प्रथिनं. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रिसेप्टरला ती चिकटतात आणि आत संदेशांची साखळी सुरू होते. शरीरात ती अत्यल्प प्रमाणात असतात. पूर्वी ती मिळवायची तर जनावरांच्या अवयवांचे किलोकिलो अर्क काढावे लागत. एफजीएफ-2 सुरुवातीला गाईबैलांच्या पिट्युटरी ग्रंथी आणि मेंदू यांच्यातून वेगळं केलं गेलं. आता त्या प्रथिनाचा मानवी जनुक ई. कोलायसारख्या जिवाणूत किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशींत घालतात, त्यांच्याकडून प्रथिन बनवून घेतात आणि शुद्ध करून पावडरच्या रूपात विकतात. हेच रिकॉम्बिनंट ग्रोथ फॅक्टर. व्हायलमध्ये बहुधा 10 किंवा 50 मायक्रोग्रॅम माल असतो. डोळ्यांना तळाशी पांढरट पापुद्रा दिसला तर दिसला, नाहीतर व्हायल रिकामीच वाटते.

त्या पापुद्र्याची किंमत इतकी असते की आमच्या लॅबमध्ये ती व्हायल उघडताना सिनियर शेजारी उभे राहतात.

आधी काम सापडलं, वजन नंतर आलं

या विषयाचा इतिहास माझ्या मुद्द्याच्या बाजूने साक्ष देतो, म्हणून थोडं मागे जाऊ.

1950 च्या दशकात रीता लेव्ही-माँताल्चिनी यांना दिसलं की उंदराच्या एका गाठीतून असं काहीतरी पाझरतं, ज्याने कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींना तंतू फुटतात. ते मोजण्यासाठी त्यांनी रिओ दि जानेरोमध्ये हेर्टा मेयर यांच्या प्रयोगशाळेत काचेवर एक चाचणी बसवली. कोंबडीच्या भ्रूणाचा चेतापेशींचा गुच्छ घ्यायचा, त्याच्याजवळ अर्क ठेवायचा आणि गुच्छाभोवती तंतूंचं वलय किती दाट उमटतं ते पाहायचं. पुढे सेंट लुईसमध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी तो घटक शुद्ध करायला घेतला. तेव्हा शुद्ध प्रथिन कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे वजनाचा प्रश्नच नव्हता. एकक ठरलं ते वलयावरून. कोहेन यांना नंतर सापडलेल्या ईजीएफचीही हीच कथा. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर एरवी 12 ते 14 दिवसांनी उघडणारे डोळे 6-7 दिवसांतच उघडायला लागले. डोळे कधी उघडतात हीच चाचणी आणि हीच मोजपट्टी. दोघांना 1986 चं नोबेल मिळालं.

म्हणजे हे पदार्थ आपल्याला ओळखू आले तेच त्यांच्या कामावरून. रिकॉम्बिनंट तंत्र आलं, शुद्ध प्रथिन व्हायलमध्ये मिळू लागलं, आणि आपण सोयीसाठी वजनावर आलो. मीठ, साखर, ग्लुटामिन यांच्या बाबतीत वजन पुरतं, कारण एक ग्रॅम मीठ म्हणजे एक ग्रॅम मीठ. प्रथिनाचं तसं नाही. घडी मोडलेलं, एकमेकांत गुंतून गोळा झालेलं, ट्यूबच्या भिंतीला चिकटलेलं प्रथिन वजनात धरलं जातं, कामात धरलं जात नाही. घरी विरजण लावताना आई कधी विचारते का, किती ग्रॅम? ती विचारते, विरजण ताजं आहे ना?

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. कुठलीही बरी डेटाशीट काढून बघा. तिच्यात ईडी-50 नावाचा आकडा असतो: चाचणीतल्या पेशी कमाल प्रतिसादाच्या निम्मा प्रतिसाद ज्या मात्रेला देतात ती मात्रा. एफजीएफ-2 साठी बहुधा 3टी3 या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींची वाढ मोजतात. 10 लाखाला या आकड्याने भागलं की एका मिलिग्रॅममध्ये किती युनिट काम आहे ते निघतं. ईडी-50 जर 0.5 नॅनोग्रॅम प्रति मिली असेल, तर मिलिग्रॅमला 20 लाख युनिट.

आता समजा, एका लॉटचा ईडी-50 आहे 0.5 आणि दुसऱ्याचा 2. दोन्हींतून तुम्ही 20 नॅनोग्रॅम घातले. पेपरमध्ये वाक्य तेच राहील. प्रत्यक्षात पहिल्या डिशमध्ये ईडी-50 च्या 40 पट माल आहे, दुसऱ्या डिशमध्ये 10 पट. तुम्ही म्हणाल, दोन्हीकडे गरजेपेक्षा जास्तच आहे, मग फरक काय पडतो? पहिल्या तासाला पडत नाही. दुसऱ्या दिवशी पडतो. तो कसा, हे समजायला एफजीएफ-2 चीच कहाणी लागेल.

4 चे 100 कसे झाले

1998 मध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी भ्रूणातून मूलपेशी वाढवल्या. त्यांना खाली उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींचा थर लागायचा आणि माध्यमात सीरम. 2000 साली सीरमच्या जागी सीरम रिप्लेसमेंट आलं आणि सोबत 4 नॅनोग्रॅम प्रति मिली एफजीएफ-2. पुढे खालचा थर काढून टाकायचे प्रयत्न झाले आणि आकडा चढत गेला. 2005 च्या सुमारास 40, आणि 2006 मध्ये 100. आज मूलपेशींच्या कित्येक माध्यमांत 100 हाच आकडा बसलेला आहे.

नवशिक्याला वाटेल, मानवी मूलपेशींना एफजीएफ फार लागतं बुवा. मलाही तसंच वाटायचं. पण लेव्हनस्टाईन आणि सहकाऱ्यांचा 2006 चा पेपर नीट वाचला की वेगळं चित्र दिसतं. फायब्रोब्लास्टच्या सहवासात न राहिलेल्या साध्या माध्यमात, 37 अंशांना, एफजीएफ-2 चं काम झपाट्याने घटतं. म्हणजे खालचा थर पेशींना नुसती बसायला जागा देत नव्हता, तो एफजीएफलाही टिकवत होता. थर काढला आणि प्रथिन उघड्यावर पडलं. मात्रा वाढवत नेली ती बऱ्याच अंशी हे नुकसान भरून काढायला. गळक्या बादलीत नळ मोठा सोडावा तसं.

मला या पेपरचं मोल वाटतं ते याच्यासाठी की त्याने आकड्यासोबत आकड्याचं कारण दिलं. मात्र त्याच्यानंतरच्या कित्येक पेपरांनी 100 उचलला आणि कारण मागे ठेवलं.

हिशेब करून पाहू. साध्या एफजीएफ-2 चं 37 अंशांवरचं अर्धायुष्य साधारण 10 तास मोजलं गेलं आहे. सरळ घातांकी घट धरली, आणि पेशी स्वतः गिळतात ते प्रथिन हिशेबात घेतलं नाही, तर 100 नॅनोग्रॅमचे 24 तासांनी उरतात सुमारे 19. अठ्ठेचाळीस तासांनी 4 च्या आत. शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता माध्यम बदललं आणि सोमवारी सकाळी 10 ला परत आलात तर 64 तास झाले, उरलं जेमतेम 1. रोज माध्यम बदलणाऱ्या लॅबमध्ये पेशींना दिवसभरात सरासरी 49 नॅनोग्रॅम मिळतात, दिवसाआड बदलणाऱ्या लॅबमध्ये 29. दोघांच्याही पेपरात वाक्य एकच: '100 नॅनोग्रॅम प्रति मिली'.

आता मघाच्या दोन लॉटकडे या. त्यांच्या कामात चौपट फरक होता. चौपट म्हणजे दोन अर्धायुष्यं, म्हणजे 20 तास. पहिल्या लॉटवरच्या पेशींना पुरेसा निरोप 20 तास जास्त वेळ मिळत राहतो. जादा मात्रेने तुमची चूक झाकली, असं सोमवारी वाटतं. ती झाकलेली नसते, फक्त मंगळवारवर ढकललेली असते.

'डिफाइन्ड' या शब्दाबद्दल

2011 मध्ये थॉमसन यांच्याच गटाने ई-8 हे माध्यम नेचर मेथड्समध्ये मांडलं. आठ घटक, सगळ्यांची नावं उघड, अल्ब्युमिनसारखा गोंधळात टाकणारा घटक काढून टाकलेला. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल काढलं तर अल्ब्युमिनचीही गरज राहत नाही, हे त्यांचं निरीक्षण मला आजही फार सुंदर वाटतं. दोन घटक एकमेकांच्या निस्तरण्यासाठीच तिथे होते! या पेपरने क्षेत्राचं भलं केलं यात वाद नाही.

माझा आक्षेप 'केमिकली डिफाइन्ड' या बिरुदाच्या वापरावर आहे. ई-8 ची व्याख्या अचूक आहे ती बाटलीतून ओतताना. डिश इन्क्युबेटरमध्ये गेली की एफजीएफ-2 घटायला लागतं आणि माध्यमाची घडण तासागणिक बदलते. सकाळचं माध्यम आणि रात्रीचं माध्यम वेगळं असतं. आपण 'डिफाइन्ड' म्हणतो ते शून्याव्या तासापुरतं. सीरमवाल्या माध्यमाला अनिश्चित म्हणून नाकं मुरडणारे आपण, या अनिश्चिततेवर मात्र गप्प बसतो.

श्रेय द्यायचं तर त्याच गटाने 2012 मध्ये स्टेम सेल्स नियतकालिकात हाच प्रश्न हातात घेतला. 37 अंशांवर लवकर मोडणारं एफजीएफ-1 मूलपेशींना टिकवू शकत नव्हतं. त्यालाच हेपरिनचा आधार दिला किंवा उत्परिवर्तनं करून त्याची घडी मजबूत केली, की ते टिकवू लागलं. म्हणजे ज्याला आपण दोन प्रथिनांच्या 'जैविक कार्यातला' फरक समजत होतो, तो बऱ्याच अंशी टिकाऊपणातला फरक निघाला. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी हा पेपर जरूर वाचावा. 'अ घटक चालतो, ब चालत नाही' असं वाक्य दिसलं की 'ब तितका वेळ जिवंत तरी होता का' हा प्रश्न विचारायची सवय त्याने लागते.

पुढचं पाऊल चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या गटाने टाकलं. 2018 मध्ये त्यांनी संगणकाच्या मदतीने नऊ ठिकाणी बदल केलेलं एफजीएफ-2 मांडलं. त्याचं अर्धायुष्य 10 तासांवरून 20 दिवसांच्या पुढे गेलं. मघाचा शुक्रवार-सोमवारचा हिशेब याच्यावर करा: 64 तासांनंतरही 100 पैकी 91 शिल्लक. 2020 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पॉल बरिज यांच्या गटाने याच प्रकारचं एफजीएफ-2 लॅबमध्येच ई. कोलायमधून बनवून बी-8 नावाचं माध्यम तयार केलं. खर्च विकतच्या माध्यमाच्या सुमारे 3 टक्के, आणि शनिवार-रविवार लॅबला यायची गरज नाही. शीर्षकातच 'वीकेंड-फ्री' आहे. पीएचडी विद्यार्थ्यांनी या पेपरचं देव्हाऱ्यात पूजन करायला हरकत नाही.

तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्वतः बनवलेल्या प्रथिनाची चाचणीही स्वतःच करावी लागते. कंपनीला दिलेल्या पैशात ती चाचणी असते. बी-8 चं अनुकरण करताना शुद्धीकरणाचा भाग घेतला आणि प्रत्येक बॅचचं काम मोजायचा भाग सोडला, तर स्वस्तात अनिश्चितता मिळेल. दुसरी, न मोडणारं प्रथिन हे साध्या प्रथिनाची सुधारित आवृत्ती नसून वेगळा निरोप आहे. जुन्या पद्धतीत निरोप रोज चढतो-उतरतो, नव्यात तो सपाट राहतो. पेशींना वेगळ्या दिशेने वळवायचं असतं आणि त्यासाठी एफजीएफ काढून घ्यायचं असतं, तेव्हा जुनं प्रथिन आपोआप संपायचं, हे नवं संपणार नाही. नीट धुवावं लागेल. दोन्ही प्रथिनांना पेपरात नुसतं 'एफजीएफ-2' म्हणणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल.

कुठून आलं, सोबत काय आलं

वाक्यात न लिहिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे प्रथिन कुठे बनलं. ईजीएफ 53 अमिनो आम्लांचं, लहानसं. एफजीएफ-2 सुद्धा जिवाणूत बरं बनतं. पण त्याची 146 अमिनो आम्लांची आणि 154 अमिनो आम्लांची अशी रूपं बाजारात आहेत आणि लेबलवर नाव एकच असतं. टीजीएफ-बीटा-1 चे दोन सारखे तुकडे डायसल्फाइड बंधाने जोडलेले असतात, त्यामुळे ते बहुधा सस्तन पेशींत बनवतात. ते विरघळवायचं असतं सौम्य आम्लात. सवयीने पीबीएसमध्ये घातलंत तर चिकटून आणि गोळा होऊन बराच माल वाया जातो. या प्रत्येक फरकाने व्हायलमधल्या 'एका मायक्रोग्रॅम'चा अर्थ बदलतो.

जिवाणूत बनलेल्या प्रथिनासोबत एक न बोलावलेला पाहुणा येऊ शकतो: एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या बाह्य आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड. मॅक्रोफेजसारख्या प्रतिकारक पेशी त्याच्या पिकोग्रॅमलाही दचकतात. याचं गाजलेलं उदाहरण ग्रोथ फॅक्टरचं नाही, एचएसपी-70 या प्रथिनाचं आहे, पण धडा तोच. हे प्रथिन मॅक्रोफेजना चेतवून टीएनएफ-अल्फा स्रवायला लावतं, असे अनेक पेपर आले. त्यावर सिद्धान्त उभे राहिले. 2003 मध्ये गाओ आणि त्सान यांनी दाखवलं की एंडोटॉक्सिन नीट काढून टाकलेलं रिकॉम्बिनंट एचएसपी-70 तो परिणाम करतच नाही. परिणाम होता तो सोबत आलेल्या जिवाणूच्या अंशाचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

त्या सगळ्या पेपरांतही मात्रा नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये नीट लिहिलेली होतीच. आकडा चुकीचा नव्हता. आकडा ज्याचा होता, ते काम करत नव्हतं.

माझे तीन महिने

आता माझी गोष्ट. मी उंदराच्या मेंदूतल्या चेता-मूलपेशी तरंगत्या गोळ्यांच्या रूपात वाढवते, न्यूरोस्फिअर म्हणतात त्यांना. माध्यमात 20 नॅनोग्रॅम ईजीएफ आणि 20 नॅनोग्रॅम एफजीएफ-2, हे या पद्धतीतलं रूढ प्रमाण. दुसऱ्या वर्षी अचानक गोळे छोटे राहायला लागले. मग मरायला लागले. मी पेशी सुट्या करायची पद्धत बदलली, एन्झाइम बदललं, बी-27 ची नवी बाटली काढली, मायकोप्लाझ्मा तपासला. गाईडनी विचारलं, 'एफजीएफ?' मी वही उघडून दाखवली: 'एफजीएफ-2, 20 नॅनोग्रॅम प्रति मिली.' सर म्हणाले, 'मग ठीक आहे.'

ठीक नव्हतं. मधल्या काळात खरेदी विभागाने तीन कोटेशनं मागवून सगळ्यात कमी दराची व्हायल आणली होती. दिवाळीच्या सुट्ट्यांत पार्सल आलं, बर्फाचं पाणी झालेलं, म्हणून सगळ्यांनी कुरिअरवर खापर फोडलं. पण फ्रीझ-ड्राय पावडर दोन दिवस बाहेर राहिल्याने सहसा मरत नाही. खरी चूक माझ्याच हातून झाली होती. जुन्या व्हायलमध्ये कंपनीने बीएसए आधीच मिसळलेलं होतं, ट्यूबच्या भिंतीला प्रथिन चिकटू नये म्हणून. नवी व्हायल कॅरिअर-फ्री होती. डेटाशीटवर ते स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी डेटाशीट वाचली नव्हती. मी नेहमीसारखं साध्या पीबीएसमध्ये पातळ द्रावण केलं, साध्या ट्यूबमध्ये भरलं, आणि प्रत्येक ट्यूब दोन-तीनदा वितळवून पुन्हा गोठवली. माल गेला भिंतीला, आणि उरलेल्यातला बराच त्या गोठण्या-वितळण्यात.

सापडलं कसं? एका सिनियर ताईने सांगितलं, 'पेशींना विचार.' पेशी काही तास उपाशी ठेवल्या, जुन्या आणि नव्या ट्यूबमधल्या एफजीएफच्या चढत्या मात्रा 15 मिनिटं दिल्या आणि फॉस्फो-ईआरकेचा वेस्टर्न ब्लॉट केला. जुन्याचा पट्टा 1 नॅनोग्रॅमलाच दिसत होता. नव्याचा 20 ला कुठे अंधूक दिसायला लागला. दोन दिवसांचं काम. ते मी तीन महिन्यांनी केलं.

माझ्या वहीत खोटं काहीच नव्हतं. अपुरं मात्र होतं, आणि ते मी छापलेल्या पेपरांतूनच शिकले होते. मेथड्स विभाग वाचून आपण प्रयोग करायला शिकतो. तिथे जे लिहीत नाहीत ते महत्त्वाचं नसतं, हेही नकळत तिथेच शिकतो.

दुसरी बाजू

लेखकांच्या बाजूनेही बोलायला हवं. शब्दमर्यादा असते. पण आता पुरवणी विभागाला बहुतेक ठिकाणी मर्यादा नाही, त्यामुळे ही सबब जुनी झाली. दुसरी सबब, कंपन्या सगळं सांगत नाहीत. खरं आहे, पण लॉट नंबर व्हायलवरच छापलेला असतो. तिसरी जास्त वजनदार आहे: युनिटचा आकडाही परिपूर्ण नाही. 3टी3 पेशींवरचं काम माझ्या चेता-मूलपेशींवर तसंच लागू होईल असं नाही, आणि दोन कंपन्यांच्या चाचण्या एकसारख्या नसतात. म्हणूनच ब्रिटनमधली एनआयबीएससी ही संस्था काही ग्रोथ फॅक्टरची आंतरराष्ट्रीय प्रमाण-द्रव्यं ठेवते, ज्यांच्याशी आपला माल ताडून बघता येतो. युनिटने सगळं सुटतं असं माझं म्हणणं नाही. नॅनोग्रॅमने सुटलं आहे, या समजुतीला माझा विरोध आहे.

आणि आपल्याकडचा मुद्दा पैशाचा. प्रत्येक नव्या लॉटची चाचणी करायची म्हणजे त्याच महागड्या व्हायलमधला माल खर्चायचा. पण एका मात्रा-मालिकेला लागतात काही नॅनोग्रॅम, आणि व्हायलमध्ये असतात हजारो. तीन महिन्यांचं माध्यम, प्लास्टिक आणि फेलोशिप यांच्यापुढे हा खर्च काहीच नाही.

मग वाक्य कसं लिहायचं

तुमच्या वहीत, आणि पुढे तुमच्या पेपरात, एवढं तरी असू द्या:

1. प्रथिनाचं नेमकं रूप: किती अमिनो आम्लांचं, साधं की उत्परिवर्तित, कशात बनवलेलं.
2. कॅटलॉग नंबरसोबत लॉट नंबर, आणि त्या लॉटचा ईडी-50.
3. कॅरिअर आहे की नाही, कशात विरघळवलं, किती तीव्रतेला, किती वेळा वितळवलं.
4. प्रतिकारक पेशींवर काम असेल तर एंडोटॉक्सिनचं प्रमाण.
5. माध्यम दर किती तासांनी बदललं. सुट्टीच्या दिवशीही.
6. नवा लॉट जुन्याशी ताडून पाहिला का, आणि कशावर.

पेपर वाचताना हीच यादी उलटी वापरा. दोन लॅबचे निष्कर्ष जुळत नसतील तर जीवशास्त्रात शिरण्याआधी यातलं काय काय लिहिलंय ते शोधा. बऱ्याचदा एकही ओळ सापडणार नाही, आणि तेव्हा 'निष्कर्ष जुळत नाहीत' हे वाक्यसुद्धा सिद्ध करता येणार नाही, कारण दोघांनी एकच प्रयोग केला होता की नाही हेच कळत नाही.

परवा मी आमच्या फ्रीझरचा खालचा कप्पा आवरला. मागे एक ट्यूब सापडली, वर मार्करने लिहिलेलं: 'एफजीएफ'. अक्षर माझंच. तारीख नाही, तीव्रता नाही, लॉट नाही. फेकून दिली. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे एमएस्सीचे दोन विद्यार्थी प्रोजेक्टला येताहेत. पहिल्या दिवशी पिपेट धरायला शिकवायच्या आधी त्यांना मी एक डेटाशीट वाचायला देणार आहे.